समुद्र घरी आणणाऱ्या झानबाई

मुंबईत चर्नी रोड स्टेशनजवळ, मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर, १९५१ साली एक मोठे मत्स्यालय सुरू झाले. तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तारापोरवाला या पारशी घराण्याच्या देणगीमुळे ते तारापोरवाला मत्स्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. मत्स्यालय म्हणजे आपण उर्दूत ज्याला मछलीघर म्हणतो ते. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, नागपाडा, डोंगरी अशा भागांतल्या कितीतरी शाळांच्या सहली तेथे जात. बाहेर रस्त्यापलीकडे अरबी समुद्र आणि आत काचेमागे खाऱ्या पाण्यातले रंगीबेरंगी मासे! मुले काचेला नाक लावून उभी राहत आणि शिक्षकांना त्यांना पुढे ढकलावे लागे.

मुलांनो, समुद्रातला मासा समुद्रात आपोआप जगतो. पण त्याच माशाला घरात, काचेच्या पेटीत, महिनोन् महिने जिवंत ठेवायचे असेल तर काय काय करावे लागेल, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका बाईंनी हा विचार केला. नुसता विचार करून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी तशी पेटी तयार करून घेतली, समुद्राचे पाणी घरी आणले आणि त्यात समुद्रातले प्राणी पाळले. त्या बाई शास्त्रज्ञ म्हणून जन्मल्या नव्हत्या. त्या कपडे शिवणाऱ्या होत्या. त्यांचे नाव झान व्हिल्प्रो-पॉवर.

फ्रान्स देशात ज्वीयाक नावाचे एक लहान गाव आहे. तेथे सप्टेंबर १७९४ मध्ये झानचा जन्म झाला. तिचे वडील चपला-बूट तयार करीत. घरची परिस्थिती बेताची होती. झान थोडेफार लिहायला वाचायला शिकली आणि सुईदोरा हातात घेऊन कामाला लागली. त्या काळात गरिबाच्या मुलीला याहून जास्त शिक्षण मिळणे कठीणच होते.

झान १८ वर्षांची झाली तेव्हा तिने पॅरिसला जाण्याचे ठरवले. पॅरिस ही फ्रान्सची राजधानी. ज्वीयाकपासून ती ४०० किलोमीटरहून अधिक दूर. आगगाडी तेव्हा नव्हती आणि घोडागाडीचे भाडे परवडणारे नव्हते. मग झान पायी निघाली. मुंबईहून पायी निघून सोलापूरपर्यंत जायचे, असे समजा. वाटेत तिच्यावर मोठे संकट आले. ज्या नातेवाइकाच्या भरवशावर ती निघाली होती, त्यानेच तिच्याशी वाईट वर्तन केले. तिला आसरा शोधावा लागला आणि पॅरिसला पोहोचायला फार उशीर झाला. ज्या कामासाठी ती चालली होती ते काम तोपर्यंत दुसऱ्या कोणाला मिळून गेले होते. तरी ती गावी परतली नाही. तिने शोधाशोध केली आणि एका कपडे शिवणाऱ्या बाईंकडे मदतनीस म्हणून काम मिळवले.

येथे मला एका शब्दाबद्दल सांगितलेच पाहिजे. उर्दूत एखाद्या मुलाला जिद्दी म्हटले तर त्याची आई रागावलेली असते. मराठीत मात्र जिद्दी म्हटले तर ती शाबासकी असते. शब्द तोच, पण मराठीत तो चांगल्या अर्थाने वापरतात. झान मराठीतल्या अर्थाने जिद्दी होती. कदाचित उर्दूतल्या अर्थानेही असेल.

भरतकामात तिचा हात बसला. आपल्या मुंबईत जरीकाम करणारे कारीगर तुम्ही पाहिले असतील. लाकडी चौकटीवर कापड ताणायचे, मान खाली घालायची आणि तासन् तास एकेक टाका घालायचा. नजर हलली की टाका चुकला. झानने असेच काम वर्षानुवर्षे केले. १८१६ साली फ्रान्सच्या राजघराण्यात एक लग्न झाले. वधू होती सिसिलीकडची राजकन्या कॅरोलिन. तिच्या लग्नाचा पोशाख झानने तयार केला. एका चांभाराच्या मुलीच्या हातचे काम राजवाड्यात पोहोचले आणि पॅरिसभर तिचे नाव झाले.

त्यानंतर जेम्स पॉवर या श्रीमंत व्यापाऱ्याशी तिची ओळख झाली. १८१८ साली दोघांचे लग्न झाले आणि ती सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात राहायला गेली. सिसिली हे इटलीच्या टोकाजवळचे बेट. येथून पुढे आपण तिला झानबाई म्हणू.

मेसिना हे समुद्रकाठचे गजबजलेले बंदर. झानबाईंना आता पोटासाठी शिवण करण्याची गरज उरली नव्हती. दुसरी एखादी बाई मेजवान्या आणि दागिने यांत रमली असती. झानबाईंनी पुस्तके आणली आणि निसर्गाचा अभ्यास सुरू केला. त्यांना शिकवायला कोणी प्राध्यापक नव्हता. त्या सिसिलीत ठिकठिकाणी पायी फिरल्या. दगड, फुलपाखरे, शंख-शिंपले, फार जुन्या प्राण्यांचे दगड झालेले अवशेष असे जे मिळेल ते त्यांनी जमा केले, त्याची नोंद केली आणि चित्रे काढली. पुढे त्यांनी सिसिलीची माहिती देणारी पुस्तकेही लिहिली. पण त्यांचे मन खरे रमले ते समुद्रात.

त्या समुद्रात एक विचित्र प्राणी आढळतो. त्याचे नाव अर्गोनॉट. हा आठ हातांच्या ऑक्टोपसचा भाऊबंद. आपल्या अरबी समुद्रासारख्या उष्ण समुद्रांतही तो असतो. ऑक्टोपसला शंख नसतो. अर्गोनॉटच्या मादीजवळ मात्र पांढरा, सुंदर, कागदासारखा पातळ शंख असतो. म्हणून इंग्रजीत त्याला पेपर नॉटिलस असेही म्हणतात. या शंखात बसून ती पाण्यात तरंगते आणि त्यातच आपली अंडी ठेवते. तिच्या आठ हातांपैकी दोन हात पुढे पंख्यासारखे रुंद असतात. फार जुन्या काळी ग्रीक विद्वान ॲरिस्टॉटल यांनी या प्राण्याबद्दल लिहिले होते. तुम्ही उर्दूच्या तासाला त्यांना अरस्तू म्हणता. हा प्राणी आपले रुंद हात शिडासारखे वर उभारतो आणि वाऱ्यावर होडीसारखा चालतो, असा त्यांचा समज होता. दोन हजार वर्षे लोकांनी ही गोष्ट खरी मानली. गोष्ट सुंदर होती, म्हणून कोणी तपासून पाहिली नाही.

विद्वानांमध्ये आणखी एक वाद होता. हा शंख अर्गोनॉट स्वतः तयार करतो, की दुसऱ्याचा पळवतो? गोगलगायीचे अंग तिच्या शंखाला आतून घट्ट चिकटलेले असते. अर्गोनॉटचे तसे नसते. ती शंखातून सहज सुटी होते. त्यामुळे अनेकांना वाटे की हा शंख तिचा नव्हेच. ओहोटीच्या वेळी हाजी अलीच्या किंवा मरीन ड्राइव्हच्या खडकांत नीट पाहिले तर एक लहान खेकडा दिसतो. तो गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो, त्यात शिरतो आणि तेच घर पाठीवर घेऊन हिंडतो. अर्गोनॉटही असाच भाडेकरू आहे, असे फ्रान्समधले मोठे प्राणिशास्त्रज्ञ ब्लॅनव्हिल यांचे ठाम मत होते.

आता पाहा, हा वाद सुटत का नव्हता? विद्वानांपुढे येत ते मेलेले अर्गोनॉट. कधी ते दारूच्या बाटलीत ठेवलेले असत, कधी नुसता रिकामा शंख असे. मेलेला प्राणी घर बांधून दाखवत नाही. तो जिवंत हवा आणि रोज डोळ्यांसमोर हवा. पण खोल समुद्रात जाऊन रोज कोण बसणार? झानबाईंनी उलटा मार्ग काढला. आपल्याला समुद्रात राहता येत नाही, तर समुद्राचा एक तुकडा घरी आणावा!

१८३२ साली त्यांनी हे काम हाती घेतले. त्यांनी तीन प्रकारच्या पेट्या तयार करवल्या. पहिली पेटी काचेची. ती घरात, अभ्यासाच्या खोलीत ठेवायची. तिच्यात समुद्राचे पाणी भरून त्या लहान प्राण्यांचे निरीक्षण करीत. दुसरीही काचेचीच, पण तिच्याभोवती जाळीचा पिंजरा होता. ती उथळ समुद्रात बुडवून ठेवता येई आणि हवी तेव्हा वर काढता येई. तिसरा प्रकार म्हणजे मोठा पिंजरा. तो नांगर टाकून समुद्रात खोलवर ठेवायचा. मोठ्या प्राण्यांना घरातली पेटी पुरत नसे, म्हणून ही सोय. मेसिनाचे लोक या पिंजऱ्यांना पॉवरबाईंचे पिंजरे म्हणू लागले.

ही योजना किती विचारपूर्वक केली होती हे समजायचे असेल, तर घरात खाऱ्या पाण्याची मोठी पेटी ठेवणे म्हणजे काय हे आधी समजून घ्यावे लागेल. आज काही श्रीमंत घरांत भिंतीएवढी मत्स्यालये असतात. ती पाहायला फार सुंदर दिसतात. पण त्यामागचा हिशेब ऐका.

पहिला हिशेब वजनाचा. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी पेटी घेतली तर तिच्यात ३,००० लिटर पाणी मावते. म्हणजे ३ टनांहून जास्त वजन झाले. वर्गातली पन्नास मोठी माणसे एकाच कोपऱ्यात उभी करावीत तेवढे. गिरगावातल्या जुन्या चाळीच्या लाकडी तुळयांवर अशी पेटी ठेवली तर मासे आणि मालक दोघेही खालच्या मजल्यावर पोहोचतील. म्हणून मोठी पेटी बसवण्याआधी इमारत बांधणाऱ्या इंजिनिअरला विचारावे लागते. पाणी काचेला आतून सतत ढकलत असते. पेटी जितकी उंच, तितका तळाशी दाब जास्त. म्हणून काचही जाड घ्यावी लागते.

दुसरा हिशेब मिठाचा. समुद्राच्या १ लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पेटीतल्या पाण्याची रोज वाफ होते. वाफेबरोबर फक्त पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. मग पाणी अधिकाधिक खारट होते. तेव्हा कमी झालेले पाणी भरताना खारे पाणी घालावे की गोडे? पुष्कळ मुले खारे म्हणतात. विचार केला की उत्तर कळते. गोडेच घालावे लागते. मुंबईच्या किनाऱ्यावरचे पाणी बादलीने आणून हे काम होत नाही, कारण त्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही कमी होतो. म्हणून हल्ली घरच्या पेटीसाठी विकतचे क्षार मोजून स्वच्छ पाण्यात मिसळतात.

तिसरा हिशेब सर्वांत अवघड, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. मासे खातात आणि घाण करतात. त्या घाणीतून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ पाण्यात उतरतो. समुद्र अफाट आहे, त्याला काही वाटत नाही. पेटीत मात्र तो साठतो आणि मासे मरतात. निसर्गात काही अतिसूक्ष्म जिवाणू असतात. ते या विषाचे आधी दुसऱ्या आणि मग तिसऱ्या, कमी घातक पदार्थात रूपांतर करतात. नव्या पेटीत हे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. पेटी आणली, पाणी भरले आणि त्याच संध्याकाळी मासे सोडले, तर ते जगत नाहीत. शिवाय पाणी सतत हलते ठेवावे लागते, म्हणजे त्यात हवा मिसळते. वीज गेली आणि पंप थांबला की मासे गुदमरू लागतात. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते. तांबे पाण्यात उतरले तर शंख-शिंपल्यांच्या प्राण्यांना ते विषासारखे बाधते. आणखी एक गोष्ट. जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना आपल्या देशात २००१ पासून वन्यजीव कायद्याचे कडक संरक्षण आहे. ते समुद्रातून काढून घरी नेणे हा गुन्हा आहे.

झानबाईंच्या काळी विजेचा पंप नव्हता. जिवाणूंचे हे काम कोणाला माहीत नव्हते. त्यांच्याजवळ एकच मोठा साठा होता, तो म्हणजे दारातला समुद्र. घरातल्या पेटीतले पाणी बदलता येई. बंदरातल्या पिंजऱ्यात तर लाटाच जाळीतून आत-बाहेर जात आणि पाणी ताजे ठेवीत. जे काम माणसाला जमत नव्हते ते त्यांनी समुद्राकडून करून घेतले. मला त्यांच्या हुशारीची ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

कोळ्यांकडून जिवंत अर्गोनॉट मिळवायचे, जपून पेटीत सोडायचे, त्यांना खाऊ घालायचे आणि मग तासन् तास बघत बसायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पॅरिसमध्ये टाक्यावर खिळलेली नजर आता पाण्यावर खिळली. त्यांनी अर्गोनॉटची अंडी पाहिली. अंड्यातून निघालेल्या पिल्लांना शंख नसतो आणि तो पुढे तयार होतो, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी एक सोपा पण नेमका प्रयोग केला. त्यांनी काही अर्गोनॉटच्या शंखाचा थोडा भाग तोडला. शंख उसना असता, तर भाडेकरूला तो दुरुस्त करता आला नसता. पण अर्गोनॉटने आपले दोन रुंद हात शंखावर पसरले आणि तुटलेली जागा नव्या कवचाने भरून काढली! कधी कधी तर जवळ ठेवलेला शंखाचा तुकडाही तिने जोडणीसाठी वापरला. फाटलेल्या कापडाला ठिगळ लावावे तसेच हे काम होते. ते ओळखायला शिवणकाम जाणणारी बाईच समोर बसलेली होती.

आता दोन गोष्टी सिद्ध झाल्या. शंख अर्गोनॉटचा स्वतःचा असतो. आणि अरस्तूंनी ज्यांना शीड म्हटले होते, ते दोन हात खरे तर शंख बांधणारे कारीगर असतात.

सिसिलीतल्या कातानिया शहरात विद्वानांची एक प्रसिद्ध संस्था होती. झानबाईंनी आपले निष्कर्ष तिच्यापुढे ठेवले आणि संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. त्या काळी अशा संस्थांत बायकांना जागा नसे. तरीही सर्वांनी त्यांचे म्हणणे लगेच मान्य केले नाही. एका बाईने, तीही शिवणकाम करणारी, पॅरिसच्या पंडितांना चूक ठरवावे, हे अनेकांना पटत नव्हते. लंडनचे नामवंत शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी मात्र त्यांची बाजू घेतली. १८३९ साली त्यांनी झानबाईंचे काम तेथील प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडले. हळूहळू युरोपातल्या डझनाहून अधिक संस्थांनी त्यांना सभासदत्व दिले.

पिंजऱ्यांचा आणखी एक उपयोग त्यांनी सुचवला. ज्या नद्यांतले मासे फार मासेमारीमुळे संपत आले आहेत, त्या नद्यांसाठी पिंजऱ्यांत पिल्ले वाढवावीत आणि मोठी झाल्यावर पाण्यात सोडावीत. आज मत्स्यशेती म्हणून ज्याला आपण ओळखतो, तिचाच हा विचार होता.

यश मिळत असतानाच एक मोठा आघात झाला. पॉवर पती-पत्नीने सिसिली सोडण्याचे ठरवले होते. झानबाईंनी वीस वर्षांचा आपला संग्रह, म्हणजे शंख, नमुने, चित्रे आणि टिपणे, पेट्यांत भरून जहाजावर चढवला. १८३८ साली ते जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ बुडाले. ज्या समुद्रातून एकेक वस्तू वेचून आणली होती, त्याच समुद्राने सगळे परत घेतले. जे आधी छापले गेले होते तेवढेच वाचले. तुमची एक वही हरवली तरी तुम्ही दोन दिवस जेवत नाही. येथे वीस वर्षे गेली होती. झानबाई तेव्हा ४४ वर्षांच्या होत्या. यानंतर त्यांनी तसा संग्रह पुन्हा केला नाही. पुढे पती-पत्नी पॅरिस आणि लंडन येथे राहू लागले. जुन्या निरीक्षणांतून जे हाती होते ते त्या लिहीत राहिल्या. १८५७ साली त्यांनी ऑक्टोपसची एक गंमत लिहिली. एक मोठा शिंपला उघडा असताना ऑक्टोपसने हळूच त्याच्या दोन झाकणांमध्ये दगड सरकवला. शिंपला मिटेना, आणि ऑक्टोपसने आतला मांसाचा घास खाल्ला.

दरम्यान इंग्लंडमध्ये घरोघरी मत्स्यालयांचे वेड पसरू लागले. १८४५ साली तेथे काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यघर उघडले. त्याचे श्रेय फिलिप गॉस यांच्यासारख्या इंग्रज लेखकांना मिळाले आणि तेही मेहनती होते, यात शंका नाही. पण झानबाईंची काचेची पेटी वीस वर्षे आधीची होती. १८५८ साली रिचर्ड ओवेन यांनी हा मान झानबाईंचा आहे, असे लिहून ठेवले.

१८७० साली जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्नाचे हाल सुरू झाले. म्हाताऱ्या झानबाई पॅरिस सोडून आपल्या ज्वीयाक गावी परतल्या. ज्या वाटेने १८ वर्षांची मुलगी पायी निघाली होती, त्या वाटेच्या मूळ टोकाला त्या पोहोचल्या. तेथेच जानेवारी १८७१ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ त्यांचे नाव फारसे कोणी घेतले नाही. शुक्र ग्रहावर जी मोठी विवरे आहेत, त्यांना जगातल्या कर्तबगार स्त्रियांची नावे देण्याची पद्धत आहे. १९९७ साली त्यांपैकी एका विवराला व्हिल्प्रो-पॉवर हे नाव देण्यात आले.